बायोसची भीती आणि कीबोर्डच्या चार कळा

प्रश्न : दुकानातला जुना संगणक वीज गेली की तारीख विसरतो आणि सुरू होताना एफ1 दाबायला सांगतो. तारीख लावायला बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जावं लागतं आणि तिथे माऊस चालत नाही. चुकून भलतीच कळ दाबली गेली तर?
— एक वाचक, चामोर्शी

उत्तर : भीती समजण्यासारखी आहे, पण बायोसची रचनाच तुमच्या बाजूची आहे. संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ2 (एचपीवर बहुधा एफ10) पुन्हापुन्हा दाबा. आत गेल्यावर बाणांच्या कळांनी ओळ बदलते, एंटरने ती उघडते, एस्केपने मागे येता येते. आकडा बदलायला बहुतेक जुन्या बोर्डांवर अधिक-उणेच्या कळा असतात; कोणती कळ कशासाठी, ते पडद्याच्या उजवीकडे किंवा तळाशी लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. तुम्ही केलेले बहुतेक बदल जतन केल्याशिवाय लागू होत नाहीत. शंका आली तर एस्केप दाबून, जतन न करता बाहेर पडा. सगळं बरोबर असेल तरच एफ10 दाबून जतन करा.

‘तारीख विंडोजमध्येच बदलली तर?’ असं कोणी म्हणेल. बदलते, पण वीज गेली की पुन्हा मागे जाते, आणि चुकीच्या तारखेमुळे बँकेची संकेतस्थळंही सुरक्षेचा इशारा देऊन अडतात. मूळ दोष बहुधा मदरबोर्डवरच्या सीआर2032 या नाण्याएवढ्या सेलचा असतो. विजेची वायर काढून आधी तो बदला, मग तारीख लावा. साटा मोड आणि बूट मोडला मात्र हात लावू नका. तिथला बदल जतन झाला तर विंडोज सुरूच न होण्याची शक्यता असते. आणि वीज बेभरवशाची असताना बायोस अपडेट मुळीच करू नका.