मायनर मुका का झाला?

समजा, परतूरच्या एका घरात बिटकॉइन या संगणकीय चलनाचा छोटा मायनर आहे. तो अखंड आकडेमोड करतो. त्याला काम वाटून देणारी आज्ञावली, म्हणजे 'मायनिंग पूल', त्याच घरातील संगणकावर चालते. काल वीज गेली आणि परत आली. आता मायनरचा पंखा फिरतो, पण काम येत नाही. मायनर बिघडला काय?

थांबा! आधी क्रमाने तपासू.

१) राउटरच्या यादीत मायनर दिसतो का? दिसत असेल, तर वाय-फायची जोडणी ठीक.

२) संगणकावर पूल पुन्हा सुरू केला आहे का? त्याचा पोर्ट, बहुधा ३३३३, मायनरमध्ये तोच आहे ना?

३) संगणकाचा पत्ता बदलला का? पत्ते राउटर वाटतो. काल १९२.१६८.१.५ असलेला संगणक आज १९२.१६८.१.८ होऊ शकतो. मायनर मात्र जुन्याच दारावर थाप मारीत राहतो. असे असेल, तर नवा पत्ता भरा आणि राउटरमध्ये तो संगणकासाठी कायम राखून ठेवा.

मायनरमध्ये १२७.०.०.१ मात्र लिहू नका. त्याचा अर्थ 'मी स्वतः'. मायनर स्वतःलाच हाक मारील! मग संगणकावर याच पत्त्याने पूल कसा सापडतो? विचार करा.