सुगरणीचे घरटे कोण विणतो?

कर्जत-खालापूरच्या भातशेतांकाठी पावसाळ्यात झाडांस लोंबणारी सुगरणीची घरटी कोणी पाहिली नाहीत? नावावरून आम्ही मादीलाच कारागीर समजत होतो. परंतु बर्लिन येथे पक्षिशास्त्र शिकून आलेल्या सालिम अली यांनी १९३० साली आपल्याच जिल्ह्यातील किहीम गावी निरीक्षण करून निराळेच दाखविले. घरटे नर विणतो. ते अर्धे होताच मादी येऊन पारखते. पसंत पडल्यास नर ते पुरे करतो व पुढे दुसरे आरंभितो. नापसंत घरटे बहुधा तसेच राहते. विद्यार्थिमित्रहो, खोपा तोडून घरी आणल्याने यांतील काहीच कळले नसते. दुरून, धीराने पाहिल्यानेच कळले. आपणही तसेच पाहावे.