जंगलातले फोटो पर्यटकांच्या आवडीबद्दल काय सांगतात?

प्रश्न : ताडोब्याला जाऊन आलेल्या माझ्या ओळखीच्या प्रत्येकाच्या इन्स्टाग्रामवर वाघच दिसतो. लोकांना जंगलात खरंच फक्त वाघ पाहायचा असतो का? आणि असे फोटो पाहून पर्यटकांची आवड वनविभागाला कळू शकेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, कळू शकते. हे पडताळूनही झालेलं आहे.

फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांचा दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानावरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. क्रूगरचा पसारा साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे. आपला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफर धरूनही सतराशेच्या आसपास भरतो. क्रूगरएवढ्या मोठ्या उद्यानात प्रत्येक पर्यटकाला गाठून विचारणं खर्चाचं आणि वेळखाऊ काम. म्हणून या संशोधकांनी एका बाजूला पर्यटकांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि दुसऱ्या बाजूला त्याच उद्यानातून इन्स्टाग्राम आणि फ्लिकरवर गेलेले फोटो कशाचे आहेत ते तपासलं. दोन्हींचा ताळा जुळला. कोणते प्राणी आवडतात याबद्दल लोकांनी प्रश्नावलीत जे सांगितलं होतं आणि फोटोंतून जे दिसत होतं, त्यात लक्षणीय फरक नव्हता.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ, कारण त्याचा धागा याच अभ्यासात आहे. सगळी माध्यमं सारखी बोलत नाहीत. पक्षी, झाडं, कीटक अशा कमी मिरवल्या जाणाऱ्या जिवांची आवड शोधायची असेल तर फ्लिकर जास्त उपयोगी पडतं, असं या संशोधकांना आढळलं. ते मला पटतं. फ्लिकरवर छायाचित्रणाची हौस असलेली माणसं जमतात. इन्स्टाग्रामवर आपण मित्रमंडळींना दाखवायला फोटो टाकतो. तुम्ही फक्त इन्स्टाग्राम पाहता, म्हणून तुम्हाला वाघच दिसतो. वाघ टिपणाऱ्याच्याच सफारीच्या जिप्सीत मागच्या बाकावर बसून नवरंग पक्ष्याची वाट पाहणारा कुणीतरी असतो. त्याचा फोटो तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

फोटोंवरून पर्यटकांची मोजणी कशी करतात हेही सांगतो, कारण अनेकांना वाटतं की नुसते फोटो मोजले की झालं. तसं केलं तर एकच उत्साही माणूस सगळा हिशेब बिघडवेल. म्हणून एका व्यक्तीने एका दिवशी एका ठिकाणाहून चाळीस फोटो टाकले तरी ती नोंद एकच धरतात. जगभरातल्या ८३६ पर्यटनस्थळांची अशी मोजणी करून ती प्रत्यक्ष पर्यटकसंख्येशी ताडून पाहणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि फोटोंवरून गर्दीचा अंदाज बांधता येतो हे त्यातून दिसलं. पुढे २०१७ मध्ये फिनलंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ५६ राष्ट्रीय उद्यानांची अशीच तुलना झाली. जिथे पर्यटक भरपूर, तिथे हा अंदाज चांगला बसतो. आडवाटेच्या, कमी गर्दीच्या उद्यानांत तो डळमळतो.

आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी आणली तर मात्र फसगत होईल. आपली माणसं जंगलातला फोटो सगळ्यात आधी पाठवतात ती व्हॉट्सॲपवर, घरच्यांच्या ग्रुपमध्ये, आणि तो संशोधकांना दिसत नाही, दिसूही नये. इन्स्टाग्रामवर जागेचं नाव माणूस स्वतः निवडतो. तिथे नुसतं ‘ताडोबा’ लिहिलेलं असतं. फोटो मोहर्लीकडचा की कोलाऱ्याकडचा, कळायला मार्ग नाही. शिवाय २०१८ पासून इन्स्टाग्रामने आणि २०२३ पासून ट्विटरने संशोधकांची वाट बरीच बंद केली आहे.

सर्वांत मोठी त्रुटी वेगळीच आहे. पहाटे गेटमधून जिप्सी आत शिरते तेव्हा उजेड पुरता फुटलेला नसतो. रातवा रस्त्यावरून उडून जातो. पुढे वानरांचा धोक्याचा इशारा देणारा कॉल येतो, गाइड हात वर करून गाडी थांबवायला सांगतो, सगळे श्वास रोखून कान देतात. मार्च-एप्रिलात मोहाच्या फुलांचा वास भरून राहिलेला असतो. यातल्या कशाचाच फोटो निघत नाही. वाघ दिसलाच नाही, तरी ती सकाळ कुणाला जन्मभर पुरते. फोटो मोजणाऱ्याच्या तक्त्यात मात्र ती सकाळ रिकामी.

फोटो आवड दाखवतात तशी आवड घडवतातही. नाव असलेल्या वाघिणीचा एक व्हिडिओ गाजला की पुढच्या आठवड्यात येणारा प्रत्येक जण गाइडला तिच्याबद्दल विचारतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी अडवली. ती दृश्यं सगळीकडे पसरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. एवढ्या गाड्यांतून निघालेले फोटो आवडीचा पुरावा म्हणून मोजायचे आणि त्यावरून त्याच रस्त्यावर आणखी गाड्या सोडायच्या, तर आपण गर्दीलाच खतपाणी घालू. वनविभागाने फोटो जरूर अभ्यासावेत, पण ते गर्दी कुठे तुंबते हे ओळखायला आणि पक्ष्यांची, झाडांची, फुलपाखरांची आवड असलेला पर्यटक शोधायला. त्या पर्यटकासाठी बफरमध्ये जाणकार गाइडबरोबर पायी फेरी ठेवली तर कोअरवरचा भार हलका होईल आणि गावातल्या पोरांना काम मिळेल. बाकीचं गेटवर बाहेर पडताना विचारावं : आज काय आवडलं? दोन ओळींचा कागद पुरतो.

तुम्हीही हातभार लावू शकता. पुढच्या वेळी वाघाबरोबर एखादा पक्षी, भुताचं झाड म्हणून ओळखली जाणारी पांढऱ्या खोडाची कांडोळ, कोळ्याचं जाळं यांचेही फोटो नावासकट टाका. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड आणि बाकीच्या आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर गेल्या तर अभ्यासकांना त्या थेट वापरता येतात. वाघाचा फोटो टाकायचा असेल तर घरी पोहोचल्यावर टाका, आणि पाणवठ्याचं नाव त्यात लिहू नका.