साखळी करवत आणि श्रमिकाची सुरक्षा : दिल्लीतील वृक्षतोडीच्या निमित्ताने

राजधानी दिल्लीत दरवर्षी मे-जून महिन्यांत धुळीची वादळे येतात. ३० मे २०२२ च्या वादळात जामा मशिदीच्या मधल्या घुमटाचा कळस मोडला आणि शहरभर झाडे उन्मळून पडली. नवी दिल्लीची उभारणी होत असताना, म्हणजे सुमारे शतकापूर्वी, रस्त्यांच्या कडेला लावलेली जांभूळ, चिंच, अर्जुन, कडुलिंब ही झाडे आता वृद्ध झाली आहेत. अनेकांच्या बुंध्याशी पदपथाचे काँक्रीट भिडले आहे. खोडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१३ मध्ये द्यावा लागला. झाड पडले की रस्ता काही तासांत मोकळा व्हावा, ही सर्वांचीच अपेक्षा असते. तो मोकळा करणाऱ्या मजुराच्या हाती असते पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, म्हणजेच चेनसॉ. तिचा सुरक्षित वापर हा वरकरणी तंत्राचा विषय आहे. तथापि परीक्षार्थींनी तो श्रम-अर्थशास्त्राचा विषय म्हणूनही अभ्यासावा.

प्रथम तंत्र पाहू. या करवतीची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने, म्हणजे ताशी ७० किलोमीटरहून अधिक गतीने फिरते. सर्वात घातक प्रकार म्हणजे ‘उलट उसळी’. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की साखळी क्षणभर अडते आणि इंजिनाची सारी शक्ती पाते वर व मागे, चालकाच्या मानेकडे फेकते. हे इतक्या त्वरेने घडते की माणसाला सावध होण्यास अवधीच मिळत नाही. म्हणून पुढच्या मुठीसमोर साखळी थांबवणारा ब्रेक असतो. तो काम करतो की नाही, हे रोज तपासावे लागते. करवत दोन्ही हातांनी, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवून धरायची. खांद्याच्या वर उचलायची नाही. शिडीवर उभे राहून चालवायची नाही. सुरू करताना ती जमिनीवर टेकवून, ब्रेक लावूनच दोरी ओढायची. इंधन भरल्यावर त्या जागेपासून किमान तीन मीटर दूर जाऊनच ती सुरू करायची. शिरस्त्राण, जाळीचा मुखपट, कानांवरील आवरण आणि विशिष्ट तंतूंचे अस्तर असलेली विजार ही साधने शोभेची नव्हेत. विजारीला साखळी लागताच ते तंतू ओढले जाऊन दातेरी चाकात गुंततात आणि साखळी थांबते. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, तर कंपनांमुळे वर्षानुवर्षांनी बोटे पांढरी व बधिर पडतात. हे नुकसान अपघाताच्या नोंदीत कधीच येत नाही.

उभे झाड पाडताना निदान पद्धत ठरलेली असते. ज्या दिशेला झाड पाडायचे तिकडे खाच घ्यायची, मागून काप द्यायचा आणि मध्ये व्यासाच्या सुमारे एक-दशांश लाकूड बिजागरीसारखे राखायचे. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात अन्य कोणी नको. वादळात पडलेल्या झाडाला हा नियम लागू पडत नाही. वाकून अडकलेल्या फांदीची एक बाजू दाबाखाली असते, दुसरी ताणाखाली. आधी दाबाच्या बाजूने उथळ काप घेऊन मग ताणाच्या बाजूने तोडावी लागते. क्रम चुकला तर पाते अडकते किंवा फांदी धनुष्यासारखी सुटते. उपटलेल्या बुंध्याचे खोड वेगळे करताच मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात बसू शकतो. त्यामागे उभा असलेला माणूस चिरडला जातो. त्यातच विजेच्या तारा गुंतलेल्या असतात. सारांश, सर्वाधिक कौशल्य लागणारे काम सर्वाधिक घाईत होते.

आता कायदा. दिल्ली वृक्ष संरक्षण अधिनियम, १९९४ नुसार वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना झाड तोडता येत नाही. मात्र जीवित वा मालमत्तेस धोका असल्यास झाड तत्काळ तोडून २४ तासांत कळवण्याची मुभा आहे. (महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा अधिनियम आहे.) ही मुभा आवश्यकच आहे, पण त्यामुळे सर्वात धोक्याची तोड पूर्वतपासणीच्या बाहेर राहते. शिवाय परवानगीची व्यवस्था झाडाची चौकशी करते, करवत धरणाऱ्याची नव्हे.

श्रमिकाची चौकशी करायची ती कामगार कायद्याने. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिने १३ केंद्रीय कायदे एकत्र केले आहेत. तिच्यातील ‘आस्थापना’ सर्वसाधारणपणे १० किंवा अधिक कामगारांची, तर कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण ५० किंवा अधिकांना लागू. १९७० च्या कायद्यात ही मर्यादा २० होती. झाडतोडीची टोळी चार-पाच जणांचीच असते. संविधानाच्या अनुच्छेद ३९(ङ) व ४२ मधील अभिवचन तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट येथे अरुंद होते.

ॲडम स्मिथने १७७६ मध्येच म्हटले होते की कष्टाच्या व अप्रिय कामाला अधिक मजुरी मिळावयास हवी. प्रत्यक्षात मजुराला धोक्याची पूर्ण माहिती नसते आणि पर्यायही नसतो. म्हणून तो अधिभार मिळत नाही. मजुरी झाडामागे ठरली असेल तर सावधपणाचा प्रत्येक मिनिट त्याच्याच खिशातून जातो. एक काल्पनिक हिशेब करू. समजा, सुरक्षा साधनांचा संच १०,००० रुपयांचा असून २५० दिवस टिकतो. खर्च पडला दिवसाला ४० रुपये. दुसरीकडे, कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या सूत्राने मृत्यूची भरपाई मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा घटक अशी येते. वय ३० साठी घटक २०७.९८, वेतन १५,००० धरल्यास १५,५९,८५० रुपये. हे दायित्व खरोखर अंगावर येणार असते, तर कोणत्याही ठेकेदाराने ४० रुपये आनंदाने खर्चले असते. या कायद्याच्या अनुसूचीत वृक्षतोडीचा स्पष्ट उल्लेख होता. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. पण हजेरीपट नसेल तर वेतन सिद्ध कशाने करणार? गुरुग्राम वा नोएडातील रहिवासी संघटनेने टोळी बोलावली असेल, तर झाडतोड हा तिचा व्यवसाय नसल्याने तिच्यावर मुख्य नियोक्ता म्हणून जबाबदारी टाकणेही अवघड. अर्थशास्त्रात यालाच बाह्य खर्च म्हणतात. येथे तो मजुराचे कुटुंब सोसते.

सार्वजनिक कामांत न्यूनतम निविदेची प्रथा या प्रश्नात भर घालते. प्रशिक्षण आणि साधने ठेकेदाराच्या एकूण दरात मिसळलेली असतील, तर ती वगळणाराच स्वस्त ठरतो. त्यांचा दर निविदेत स्वतंत्र ओळीत, सर्वांना समान ठेवला तर ही स्पर्धा थांबेल. वादळानंतरच्या कामाची मजुरी झाडामागे न देता तासावर द्यावी, आणि त्या तासांत विश्रांतीही मोजावी. कारण जूनमध्ये ४४ अंश तापमानात अस्तराची जाड विजार घालून सलग काम करणे शक्य नसते, आणि विश्रांतीचे पैसे मिळत नसतील तर मजूर प्रथम ती विजारच उतरवतो.