मूत्रपिंडाचा विकार आणि वृद्धांचे ताट

मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडलेल्या वृद्धांनी प्रथम मिठाकडे लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरेसे असते. गोमंतकीय घरांत खारवलेली मासळी, लोणचे व पापड यांतूनच त्यातील पुष्कळसे पोटात जाते. मात्र मीठ एकाएकी तोडल्यास वृद्धांचे जेवणच तुटते; म्हणून ते हळूहळू कमी करून लिंबू, आले, मिरी यांनी रुची राखावी. सैंधव हेही मीठच होय. ‘कमी सोडियमचे’ मीठ तर वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊच नये. त्यातील पोटॅशियम दुबळ्या मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही व हृदयास धोका संभवतो. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही मूत्रपिंडास अपायकारक ठरतात. औषध घेण्यापूर्वी आपला विकार डॉक्टरांना आवर्जून सांगावा.