भक्तिग्रंथाची भाषा : जयपूर आणि केडगाव

भक्तिपर ग्रंथ छापून तो लोकांच्या हाती देणे, हे काम वरवर पाहता इतर प्रकाशनासारखेच असते. हस्तलिखित सिद्ध करणे, खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, फर्मे छापणे, बांधणी करणे आणि अखेरीस ग्राहक शोधणे, ही सारी कामे दोहोंकडे सारखीच आहेत. भेद पडतो तो वाचकाच्या ठिकाणी. कथा-कादंबरीचा वाचक पुस्तक एकदा वाचून बाजूस ठेवितो. भक्तिग्रंथाचा वाचक तेच पान रोज उघडतो, त्यातील वाक्ये त्याला पाठ होतात, आणि दुःखाच्या प्रसंगी तीच त्याच्या तोंडी येतात. साहजिकच अशा ग्रंथाच्या प्रकाशकापुढे एक प्रश्न सतत उभा असतो : ही वाक्ये कोणाच्या बोलीतली असावीत? पंडिताच्या की पाणी भरणाऱ्या स्त्रीच्या? भारतातील ख्रिस्ती प्रकाशनाच्या इतिहासात या प्रश्नाची दोन बोधप्रद उदाहरणे आढळतात. एक जयपूरचे, दुसरे पुणे जिल्ह्यातील केडगावचे. आणि दोहोंचा संबंध १८९८ या एकाच वर्षाशी येतो.

प्रथम जयपूरकडे वळू. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच राजपुतान्यातील अनेक बोलींमध्ये शुभवर्तमानाची भाषांतरे छापली होती; जयपुरी ही त्यांपैकी एक. परंतु सेरामपूर बंगालमध्ये, आणि बोलणारे लोक शेकडो कोसांवर. अशा दूरच्या भाषांतराला बोलीची नाडी कितपत सापडणार, ही शंका स्वाभाविक होती. पुढे स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक प्रत्यक्ष जयपुरात येऊन राहिले. त्यांच्यापैकी जॉर्ज मॅकॅलिस्टर यांनी सवाई माधोसिंह (दुसरे) यांच्या कारकिर्दीत जयपूर संस्थानातील बोलींची पाहणी केली, आणि १८९८ मध्ये त्या बोलींच्या नमुन्यांचा ग्रंथ अलाहाबादच्या मिशन छापखान्यातून प्रसिद्ध झाला. खास जयपुरीबरोबर तोरावाटी, काठेडा, चौरासी, नागरचाल, राजावाटी अशा बोलींचे नमुने, शब्दसंग्रह आणि व्याकरण त्यात आहे.

हा ग्रंथ भक्तिपर नाही. त्याला पूर्वतयारी म्हणणेच योग्य. मात्र त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘जयपुरी’ या एका नावाखाली जी एकच भाषा आहे असे दूर बसलेल्या भाषांतरकाराला वाटते, ती गावोगाव वेगळी असते. जॉर्ज ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात राजस्थानीचा भाग लिहिताना मॅकॅलिस्टर यांच्या सामग्रीचा मोठा आधार घेतला. याच सर्वेक्षणात भाषांची तुलना करण्यासाठी शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला नमुना म्हणून वापरला गेला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. बाप, मुलगा, भूक, घर, परत येणे हे शब्द प्रत्येक बोलीत असतात, आणि त्यांच्या रूपांवरूनच बोली ओळखता येते.

जयपुरास बोलींची ही नोंद ग्रंथरूप घेत होती, त्याच वर्षी केडगाव येथे मुक्ती सदनाचे कार्य उभे राहत होते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार स्त्रिया व मुली आणल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळाने राजपुताना आणि गुजरात होरपळून निघाले, तेव्हा गुजरातेतूनही अनेक जणी आल्या. थोड्याच वर्षांत केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, स्वयंपाक, शाळा यांबरोबर तेथे छापखानाही होता, आणि तो स्त्रियाच चालवीत.

या छापखान्यातील नित्याचे काम किती कष्टाचे होते, याची कल्पना आज करणे कठीण आहे. देवनागरीचे खिळे रोमन लिपीसारखे पाऊणशेच्या आसपास नसतात. काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे मिळून त्यांची संख्या काही शेकड्यांवर जाते. प्रत्येक खिळा त्याच्या घरातून उचलायचा, उलट्या आकृतीत वाचीत ओळ बसवायची, पान बांधायचे, मुद्रित काढायचे, चुका दुरुस्त करायच्या आणि छपाई झाल्यावर तोच खिळा पुन्हा आपल्या घरात टाकायचा. बायबलचे ६६ ग्रंथ आणि ११८९ अध्याय अशा रीतीने जुळवायचे होते. हे करणाऱ्यांपैकी पुष्कळ जणींना केडगावी येईपर्यंत अक्षरओळखही नव्हती. अक्षरे शिकणे आणि अक्षरे जुळविणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच आवारात केली.

या श्रमांमागील आशा समजण्यासाठी रमाबाईंचे पूर्वायुष्य पाहिले पाहिजे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. ते सहकुटुंब तीर्थोतीर्थी फिरत आणि देवळात संस्कृत पुराणे वाचीत. रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी या पुराणवाचनाचे वर्णन केले आहे. श्रोत्यांना अर्थ सांगण्याचे कारण नसे, कारण पवित्र शब्द कानी पडले की पुण्य लाभते, अशी श्रद्धा होती. जिने अर्थ न उलगडता केलेले असे वाचन बालपणापासून केले, तिनेच उत्तरायुष्यात असा ग्रंथ घडविण्याचा ध्यास घेतला की जो ऐकताक्षणी कळावा. केडगावच्या कामाचे मर्म येथे आहे.

मराठी बायबल तोपर्यंत नव्हते असे नाही. १८०५ मध्ये सेरामपूरला मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले, १८२६ मध्ये मुंबईच्या अमेरिकन मिशनने नवा करार छापला, आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल निघाले. पण त्या भाषांतरांची भाषा रमाबाईंना फार संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातील बाईला ती समजणार नाही, आणि त्यातील कित्येक तत्त्वज्ञानविषयक शब्द आपल्याबरोबर वेगळाच अर्थ घेऊन येतात, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांच्या अभ्यासास लागल्या. त्यांनी हिब्रूचे व्याकरणही मराठीत लिहिले. प्रथम नवा करार छापून झाला. जुन्या कराराचे काम त्यांनी प्रकृती ढासळत असताना चालू ठेविले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडला.

या प्रयत्नाचे फळ काय, हा प्रश्न टाळता येत नाही. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचीच भाषांतरे रूढ राहिली; रमाबाईंचे भाषांतर सर्वत्र स्वीकारले गेले नाही. याच्या शेजारी नारायण वामन टिळकांचे उदाहरण ठेवून पाहावे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी नेमका उलट मार्ग धरिला. संतांची अभंग-ओवीची परंपरा आणि तिच्यातील शब्द त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी मोकळ्या मनाने घेतले. १९१९ मध्ये ते वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले आणि १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. टिळकांची गीते आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. जुन्या शब्दांना चिकटलेल्या अर्थाची रमाबाईंना धास्ती वाटली. टिळकांना त्याच अर्थात आधार दिसला.

यावरून एक बरोबर आणि दुसरे चूक, असा निवाडा करणे सोपे आहे, पण तो न्याय्य नाही. गीत समूहाने गावयाचे असते. तेथे परंपरेची लय, ओळखीचा ताल आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शब्द भक्ताला उचलून धरतात. गद्य ग्रंथ मात्र एकटीने, हळूहळू, अक्षरावर बोट ठेवून वाचावयाचा असतो. तेथे एक अनोळखी शब्दही वाचणारीला थांबवितो. टिळकांपुढे गाणारी मंडळी होती, रमाबाईंपुढे नुकतीच वाचायला शिकलेली बाई. दोघांनीही आपला वाचक कोण हे आधी निश्चित केले आणि मग भाषा निवडली.

हाच धडा जयपूरलाही लागू पडतो. तोरावाटी आणि राजावाटी यांतील फरक टिपून ठेवणे म्हणजे वाचकाचे तोंड आधी नीट न्याहाळणे होय. भक्तिग्रंथांच्या प्रकाशकाची आशा पुष्कळदा खपाच्या आकड्यांत मोजली जाते : किती प्रती छापल्या, जत्रेत किती विकल्या, किती फुकट वाटल्या. केडगावच्या बाबतीत हे माप अपुरे पडते. त्या बायबलचे पहिले वाचक बाजारात नव्हते. ते छापखान्यातच होते. खिळा उचलणारी, ओळ बसविणारी, मुद्रित वाचून दाखविणारी स्त्री त्या ग्रंथाचे प्रत्येक वाक्य कोणाही ग्राहकाच्या आधी वाचीत होती. दुष्काळाने जिला घराबाहेर काढले होते, तिच्या हातून आणि तिला कळेल अशा मराठीत तो ग्रंथ तयार झाला. पुढे तो किती घरांत गेला, याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. पण ज्या वाचकासाठी तो लिहिला गेला, त्या वाचकापर्यंत तो पोहोचला होता.