ढग जमिनीवरचा

फोटो ‘क्लाउड’वर ठेवला, असे आपण सहज म्हणतो. क्लाउड म्हणजे ढग. पण हा ढग आकाशात नसतो. तो असतो मोठमोठ्या इमारतींत, जिथे हजारो संगणक कपाटांत रचलेले असतात आणि रात्रंदिवस चालू असतात. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. जगातल्या डेटा सेंटरांनी २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या मानाने ही दीड टक्काच; मात्र ती सर्वत्र सारखी वाटलेली नाही. आयर्लंडमध्ये हा वाटा २०१५ साली ५ टक्के होता, २०२३ साली तो २१ टक्के झाला. त्या वर्षी तेथील शहरांतल्या सर्व घरांनी मिळून १८ टक्के वीज वापरली होती!

संगणकाला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. ती बाहेर काढायला पुन्हा वीज लागते, पुष्कळदा पाणीही. अमेरिकेतील द डॅल्स या छोट्या शहरात २०२१ साली एकूण पाण्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी गूगलच्या डेटा सेंटरांना लागले. हा आकडा एका वृत्तपत्राने मागितला, तेव्हा नगर प्रशासन तो रोखण्यासाठी न्यायालयात गेले होते. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात तो दिला गेला.

आता आपल्या हातातला फोन. आम्ही वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. रोज एकदा चार्ज केला तर वर्षाला फार तर ७ युनिट. आपल्या देशात बरीच वीज कोळशापासून होते, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला. म्हणजे वर्षाला ५ किलो. उलट, एक आयफोन तयार होतानाच, कंपनीच्या अहवालांप्रमाणे, ४५ ते ५० किलो उत्सर्जन होते. नऊ-दहा वर्षांच्या चार्जिंगइतके! आम्हाला वाटले होते, चार्जर बंद करण्यातच सारी बचत आहे. हिशेब वेगळेच सांगतो : दोन वर्षांत टाकलेला फोन महाग पडतो, पाच वर्षे वापरलेला स्वस्त.

टाकलेल्याचे पुढे काय होते? २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. घरच्या कपाटात बंद पडलेले फोन किती आहेत, ते मोजून पुढच्या तासाला आकडा आणा. बेरीज करू.